दुसरा फोटो काढलाय ना, मग तो बघा तरी

सीटीच्या कन्सोलवर टेक्निशियन म्हणून बसून मला आता बरीच वर्षं झाली, आणि एक गोष्ट इतके दिवस खुपतेय की शेवटी लिहूनच टाकावं म्हटलं. हृदयाचा सीटी करायला पेशंट येतो, त्याला आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं की आमचं मशीन ड्युअल एनर्जीचं आहे, एकाच वेळी दोन ऊर्जांचे एक्सरे मारतं, साध्या मशीनला दिसत नाही ते याला दिसतं. पेशंट खूश, बरोबर आलेला मुलगा त्याहून खूश. स्कॅन होतो. मग रिपोर्टिंगला बसलेले डॉक्टर दोन्ही ऊर्जा मिसळून तयार झालेला तो नेहमीचा करडा फोटो उघडतात, तिन्ही मोठ्या रक्तवाहिन्या वरून खाली बघतात, इथे तीस टक्के अडथळा, तिथे पन्नास टक्के, संपलं. दुसऱ्या ऊर्जेतून जे जास्तीचं कळणार होतं ती फाइल कुणी उघडतच नाही, आणि काही दिवसांनी जागा कमी पडली की ती पुसली जाते.

माझं म्हणणं साधं आहे. हृदयासाठी ड्युअल एनर्जी चांगली की वाईट हा वाद आपण भलत्याच टोकाने घालतोय. एक गट म्हणतो भविष्य हेच आहे, दुसरा म्हणतो नुसता दिखावा आहे, आणि दोघंही बोलतात ते मशीनबद्दल. मला विचाराल तर रिपोर्टात एक ओळ सक्तीची करा, दुसरी ऊर्जा कोणत्या प्रश्नासाठी वापरली आणि तिने काय उत्तर दिलं. ती ओळ लिहिता येत नसेल तर ड्युअल एनर्जी हे नाव पाटीवरून आणि बिलावरून काढून टाका, साधा सीटी म्हणा, त्यात काही कमीपणा नाही.

आता ही भानगड मुळात काय आहे ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. साध्या सीटीत शरीरातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड काही शे ते हजारावर. गोची अशी की आकडा एकच आणि त्यामागची कारणं अनेक. हृदयाच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेला कॅल्शियम आणि रक्तातून वाहणारं आयोडीनचं कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उजळ दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध), दोघांचाही आकडा चारशे येऊ शकतो, आणि चारशे म्हणजे नक्की कोण हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. बंद पिशवीचं नुसतं वजन सांगून आत काय आहे ते ओळखा म्हणण्यासारखं झालं हे. पण त्याच जागेचा एक फोटो ८० केव्हीवर (म्हणजे एक्सरे ट्यूबला दिलेले किलोव्होल्ट) घेतला आणि एक १४० वर, तर गंमत होते. आयोडीन ८० वर जवळजवळ दुप्पट उजळ दिसतं, कॅल्शियम साधारण दीडपट, आणि चरबी किंवा पाणी यांच्यात विशेष फरक पडत नाही. कारण आयोडीनचा अणुक्रमांक ५३, कॅल्शियमचा २०, आणि जड अणू कमी ऊर्जेचे किरण फार जोरात गिळतात. दोन समीकरणं मिळाली की दोन अज्ञात सुटतात, शाळेत शिकलोय सगळे. मग आयोडीन वेगळं काढून किती कुठे पोचलंय याचा नकाशा करता येतो, किंवा उलट आयोडीन वजा करून कॉन्ट्रास्ट दिलाच नव्हता असा फोटो बनवता येतो, किंवा एकाच ऊर्जेचे किरण वापरले असते तर कसं दिसलं असतं ते ४० पासून १९० केईव्हीपर्यंत (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं माप) हवं तसं सरकवून बघता येतं.

आणि ही कल्पना नवीन आहे असं समजू नका हां. पहिला पेशंट सीटीत गेला १ ऑक्टोबर १९७१ ला, लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात, आणि ते मशीन बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्डनेच १९७३ च्या पेपरात लिहून ठेवलंय की एकच स्लाइस १०० आणि १४० केव्हीवर घेतली तर आयोडीन आणि कॅल्शियम वेगळे ओळखता येतात. म्हणजे सीटीचं आणि ड्युअल एनर्जीचं बारसं जवळपास एकत्रच झालंय. १९७६ मध्ये आल्वारेझ आणि माकोव्हस्की यांनी त्याचं गणितही मांडून दिलं. अडलं ते मशीनमध्ये, एक स्कॅन झाल्यावर दुसरा घेईपर्यंत पेशंट हलायचा, आणि डोकं किंवा पाय तरी स्थिर ठेवता येतो, हृदयाला कोण सांगणार थांब म्हणून. दोन ट्यूब असलेलं मशीन २००५-०६ च्या सुमारास आलं तेव्हा कुठे धडधडत्या हृदयावर हे करायची सोय झाली. मग एकच ट्यूब पण व्होल्टेज सेकंदाच्या अगदी छोट्या भागात वरखाली करणारी मशीन आली, मग डिटेक्टरच दोन थरांचा असलेली, वरचा थर कमी ऊर्जेचे किरण पकडतो आणि खालचा उरलेले. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये औषधं-उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने पहिल्या फोटॉन काउंटिंग सीटीला परवानगी दिली, त्यात तर प्रत्येक फोटॉनची, म्हणजे किरणांतल्या एकेका कणाची, ऊर्जा मोजूनच नोंद होते.

हे प्रकार मी उगाच सांगत नाही. पहिल्या दोन प्रकारांत कन्सोलवर बसलेल्या माझ्यासारख्याला आधी ठरवावं लागतं की आज ड्युअल एनर्जी चालू करायची. दोन थरांच्या डिटेक्टरमध्ये आणि फोटॉन काउंटिंगमध्ये ठरवायचा प्रश्नच येत नाही, माहिती प्रत्येक स्कॅनमध्ये आपोआप जमा होते, तुम्ही मागा नाहीतर मागू नका. म्हणजे करावं की न करावं हा प्रश्न हळूहळू संपतच चाललाय, उरतो तो बघायचं की नाही एवढाच, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

एक प्रसंग सांगतो, त्यात चूक माझीही आहे म्हणून सांगायला जड जातं. साठीच्या आसपासचे एक काका आले होते, चालताना छातीत भरून येतं अशी तक्रार. नाडी ७८, मग गोळी देऊन तासभर बसवलं, ६० वर आली. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन. हाताला जाड कॅन्युला, कारण कॉन्ट्रास्ट सेकंदाला पाच मिलीने सोडायचं असतं आणि बारीक सुईतून ते जात नाही. म्हटलं, काका, आता अंगभर गरम गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल पण झालेली नसते, घाबरू नका, श्वास धरा म्हटलं की फक्त धरायचा, खूप मोठा घ्यायचा नाही. काकांनी इतका शहाण्यासारखा धरला की एकही स्लाइस हलली नाही. रक्तवाहिन्या छान आल्या, थोडाफार कॅल्शियम, कुठे अडथळा म्हणावा असं नाही.

त्या दिवशी मात्र डॉक्टरांनी चक्क आयोडीनचा नकाशा उघडला. सगळा स्नायू छान केशरी, आणि खालच्या भिंतीत बुडाशी एक निळा डाग. रिपोर्टात आलं, या भागात रक्तपुरवठा कमी. काका हादरले, घरचे हादरले, पुढे स्ट्रेस एमआरआय, म्हणजे औषधाने हृदयावर ताण आणून केलेला एमआरआय, झाला आणि तो स्वच्छ निघाला. मधले तीन आठवडे त्या माणसाने जिना चढणं बंद केलं होतं, हे मला त्यांच्या मुलाने नंतर सांगितलं.

झालं काय होतं, तर डाव्या कप्प्यात कॉन्ट्रास्ट ठासून भरलेलं, मागे महाधमनी तीही भरलेली, बाजूला मणका, आणि या सगळ्यांच्या मधोमध ती बुडाची भिंत. इतक्या दाट गोष्टींमधून जाताना किरणांतले कमकुवत फोटॉन आधीच गळून जातात, उरलेले जास्त ऊर्जेचे असतात, आणि मशीनला वाटतं की इथे काही दाट नाहीच, म्हणून तिथला आकडा खाली येतो. बीम हार्डनिंग म्हणतात त्याला. ही जागा या फसवणुकीसाठी इतकी प्रसिद्ध आहे की हृदयाचे स्कॅन करणाऱ्या कुणालाही ती माहीत असायला पाहिजे. मलाही माहीत होती. मी बोललो नाही, कारण टेक्निशियनने रिपोर्टात तोंड घालू नये अशी आपल्याकडे अलिखित रीत आहे आणि मी ती पाळली.

आता कुणी म्हणेल, बघा, म्हणूनच तो रंगीत नकाशा उघडू नये. मला नेमकं उलटं म्हणायचंय. ड्युअल एनर्जीकडेच बीम हार्डनिंग कमी करायचं साधन आहे, त्याच डेटातून जास्त केईव्हीचा फोटो काढून त्या डागाशेजारी ठेवला असता आणि डाग फिका पडत जाताना दिसला असता तर तिथेच शंका आली असती. म्हणजे काकांच्या बाबतीत दुसरा फोटो बघितला गेला खरा, पण अर्धाच. अर्धवट बघणं हे न बघण्यापेक्षाही वाईट कारण त्यात रंग असतात, आणि रंगाला माणूस भुलतो. निळा आणि केशरी हे शरीरात नसतात हो, ते सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी ठरवलेले असतात, रंगपट्टीचं टोक जरा सरकवलं की निळं केशरी होतं.

शिवाय त्या नकाशाबद्दल अजून एक गोष्ट पेशंटला कुणी सांगत नाही. तो नकाशा म्हणजे पेशंट आडवा पडलेला, नाडी गोळीने खाली आणलेली, पूर्ण विश्रांती, आणि त्यातला एक क्षण. १९७४ सालीच गूल्ड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं की रक्तवाहिनी ८५ टक्क्यांच्या आसपास आवळली जाईपर्यंत विश्रांतीतला रक्तप्रवाह कमी होतच नाही, पुढच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावून सांभाळून घेतात, मात्र प्रवाह पूर्ण ताणला तर तीस ते पंचेचाळीस टक्क्यांपासूनच कमतरता दिसायला लागते. म्हणजे चालताना दुखणाऱ्या माणसाचा झोपलेला नकाशा नॉर्मल आला म्हणून तो सुटला असं नाही. पाट बघायचा असेल तर पाणी जोरात सोडून बघावं लागतं, एरवी सगळे वाफे ओलेच दिसतात. त्यासाठी ॲडिनोसिनसारखं औषध देऊन ताणाखाली स्कॅन करावा लागतो, तो होतो, चांगला होतो, पण तो वेगळा स्कॅन असतो, त्याला वेळ आणि देखरेख लागते, आणि 'आमच्या मशीनवर स्नायूचा रक्तपुरवठाही दिसतो' असं म्हणताना बहुतेक वेळा तो केलेला नसतो.

मग हे मशीन हृदयासाठी कामाचंच नाही का? आहे की, आणि कुठे आहे ते सांगताना मला खरंच उत्साह येतो, कारण त्या जागा जाहिरातीत क्वचित दिसतात. एक म्हणजे डाव्या वरच्या कप्प्याला असलेली ती कानासारखी पिशवी, अपेंडेज. एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे ठोके अनियमित पडणाऱ्या, पेशंटमध्ये तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. सीटीत ती पिशवी काळी दिसली तर दोन शक्यता, खरी गुठळी किंवा रक्त इतकं संथ की कॉन्ट्रास्ट अजून पोचलंच नाही. साध्या करड्या फोटोत दोन्ही सारखे. आयोडीन मोजलं तर गुठळीत ते जवळपास नसतंच, संथ रक्तात थोडं का होईना असतं. हा प्रश्न नेमका आहे, उत्तर आकड्यात आहे, आणि त्यामुळे एखाद्या पेशंटचं घशातून नळी घालून सोनोग्राफी करणं टळू शकतं. असल्या ठिकाणी मी म्हणेन डोळे झाकून वापरा.

दुसरी जागा किडनी. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांना कॉन्ट्रास्ट देताना आमचाही हात आखडतो. कमी केईव्हीच्या फोटोत आयोडीन इतकं उजळतं की कमी औषधातही रक्तवाहिनी दिसते, आणि झडप बदलायच्या आधी ज्या म्हाताऱ्या माणसांचा छातीपासून मांडीपर्यंत सीटी करायचा असतो त्यांच्यासाठी हे फार मोलाचं. यात फोटो थोडा रवाळ येतो, चालतं, महाधमनीचं माप घ्यायला तेवढा पुरतो.

आणि तिसरी, मला सगळ्यात आवडणारी. याच झडपेच्या पेशंटमध्ये, महाधमनीची झडप आवळलेल्या वयस्कर लोकांमध्ये, साधारण आठातल्या एकाला स्नायूत ॲमिलॉइड नावाचं प्रथिनही साचलेलं असतं असं अभ्यासांत दिसलंय, आणि ते बरेचदा कुणाच्या लक्षातच येत नाही. एमआरआयवर कळतं, पण यातल्या कित्येकांना पेसमेकर असतो किंवा तासभर बोगद्यात पडून राहणं जमत नाही. सीटी तर त्यांचा होणारच असतो. मग कॉन्ट्रास्ट दिल्यावर काही मिनिटांनी कमी डोसचा एक फोटो अजून घ्यायचा, स्नायूतलं आयोडीन आणि रक्तातलं आयोडीन यांचं गुणोत्तर काढायचं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) घालायचं, पेशींच्या मधली जागा, जिथे ॲमिलॉइड साचतं ती, किती फुगलीय ते टक्क्यांत मिळतं. साध्या सीटीत यासाठी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो एकमेकांवर तंतोतंत बसवावे लागतात, ड्युअल एनर्जीत आधीचा लागतच नाही. हे काम मी एकदा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना करताना बघितलंय, दहा मिनिटं लागली त्यांना. दहा मिनिटं.

आणि जिथे सगळ्यात जास्त गाजावाजा होतो ती जागा, म्हणजे कॅल्शियम, तिथे मी जरा थंडच आहे. कॅल्शियम फोटोत असतो त्यापेक्षा मोठा दिसतो, फुलतो, आणि तीन मिलिमीटरच्या वाहिनीत अर्धा मिलिमीटर फुलला तरी चाळीस टक्क्यांचा अडथळा साठच्या जवळ वाटतो आणि पेशंट अँजिओग्राफीच्या टेबलावर जातो. जास्त केईव्हीवर तो फुलारा कमी होतो हे खरंय, पण मग आयोडीनही फिकं पडतं, म्हणजे दगड लहान झाला आणि पाणीही दिसेनासं झालं. फुलण्याचं मोठं कारण फोटोची बारकाई कमी पडणं हे आहे, म्हणून फोटॉन काउंटिंगमध्ये कॅल्शियम जो सुधारलेला दिसतो त्यात ऊर्जेपेक्षा ०.२ मिलिमीटरपर्यंतच्या बारीक डिटेक्टरचा हात मोठा आहे असं माझं मत. आयोडीन वजा केलेल्या फोटोवर कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम किती त्याचा आकडा, काढायचा आणि वेगळा स्कॅन वाचवायचा, हीही कल्पना चांगली आहे, पण त्यात स्कोअर खरा असतो त्याहून कमी यायची खोड आहे आणि बारीक कॅल्शियम सुटून शून्य आलं तर माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. शून्य हा आकडा या खेळात फार मोठा असतो.

वेगाचं पण सांगायला हवं. दोन ट्यूबच्या मशीनची खरी ताकद म्हणजे दोन्ही ट्यूब एकाच ऊर्जेवर चालवून पेशंटभोवतीच्या चौथाई फेरीत फोटो काढणं, पहिल्या पिढीत ८३ मिलिसेकंद, तिसऱ्या पिढीत ६६. त्याच दोन ट्यूब वेगवेगळ्या ऊर्जेवर लावल्या की प्रत्येकीला आपली अर्धी फेरी स्वतःच पुरी करावी लागते, म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं. नाडी ६० असेल तर फरक पडत नाही, ८५ असेल तर उजवी रक्तवाहिनी पुसट येते. म्हणजे जलद नाडीच्या पेशंटला अशा मशीनवर ड्युअल एनर्जी लावणं हा फायदा नाही, तोटा आहे, आणि तरी प्रोटोकॉल तसाच सेट केलाय म्हणून लावलेली मी पाहिलीय. किरणांच्या डोसबद्दल लोक फार घाबरतात, तिथे मात्र एवढं भिण्याचं कारण नाही, दोन ऊर्जा म्हणजे दुप्पट डोस असं नसतं, एकूण डोस दोन्हीत वाटला जातो. हृदयाच्या सीटीचा डोस २००७ ते २०१७ या दहा वर्षांत जगभरच्या पाहणीत ७८ टक्क्यांनी उतरला, आणि तो ईसीजी बघून योग्य क्षणीच किरण सोडणं, केव्ही कमी ठेवणं असल्या साध्या शिस्तीने उतरला.

आता पुराव्याचं. हृदयाच्या सीटीचा सगळ्यात मोठा विजय कुठला विचारलं तर स्कॉटलंडचा स्कॉट-हार्ट अभ्यास, ४१४६ पेशंट, छातीत दुखतं म्हणून आलेले, पाच वर्षांनी हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक हे नेहमीच्या तपासणीत ३.९ टक्के आणि सीटी जोडलेल्या गटात २.३ टक्के. २०१८ साली हे छापून आलं. हा फायदा साध्या सीटीचा होता, साध्या करड्या फोटोचा. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचलीय हे वेळेत दिसलं, डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि ॲस्पिरिन सुरू केलं, हार्ट अटॅक टळले, एवढीच गोष्ट. आयोडीनचे नकाशे बघून हार्ट अटॅक टळतात असा या तोडीचा पुरावा आज समोर नाही. पुरावा नाही म्हणजे उपयोग नाही असं मी म्हणत नाहीये, अपेंडेजचं उदाहरण वर दिलंच, पण स्कॉट-हार्टच्या आकड्यांवर ड्युअल एनर्जीची जाहिरात करणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोराचे मार्क आपल्या पोराच्या नावावर सांगणं.

आणि समजा नकाशा अगदी खरा आला, स्नायूला रक्त कमी पडतंय हे नक्की झालं, तरी पुढे काय? इस्केमिया नावाचा अभ्यास २०२० मध्ये आला, ५१७९ पेशंट, मध्यम ते तीव्र कमतरता असलेले, अर्ध्यांना लगेच अँजिओग्राफी करून गरज पडेल तसा स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी औषधं. मृत्यू आणि हार्ट अटॅक धरून जो मुख्य निकाल होता त्यात फरक पडला नाही, छातीत दुखणं मात्र पहिल्या गटात कमी झालं. म्हणजे निळा डाग दिसला की धावत कॅथलॅबला, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, जायचं असं काही नाही. ज्या घरात रिपोर्ट जातो त्यांना हे माहीत नसतं, त्यांना फक्त निळं दिसतं.

रिपोर्टिंग करणाऱ्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. दिवसाला ढीगभर स्कॅन, प्रत्येकाला बारा नकाशे उघडत बसले तर रात्र होईल, आणि उघडून नको ते दिसलं तर त्याच्या मागे अजून चार तपासण्या. एका सरांनी मला तोंडावर सांगितलं, अरे, जेवढं बघेन तेवढं लिहावं लागेल आणि जेवढं लिहीन तेवढं अंगावर येईल. प्रामाणिक उत्तर आहे हे. पण मग त्याच प्रामाणिकपणे पेशंटलाही सांगा ना की तुमची ही माहिती आम्ही गोळा केली आणि बघितली नाही. गाउटमध्ये बघा, सांध्यात युरिक ॲसिडचे खडे आहेत का एवढा एकच प्रश्न, ड्युअल एनर्जी खडे हिरवे दाखवते, आणि २०१५ च्या गाउटच्या आंतरराष्ट्रीय निकषांत तिला जागाही मिळाली. तिथे कुणी बारा नकाशे उघडत नाही, एक उघडतात. हृदयातही तसंच करता येतं, चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी 'सीटी कोरोनरी' एवढंच न लिहिता गुठळी आहे का, किडनी जपायचीय, ॲमिलॉइडची शंका, असं एक वाक्य लिहिलं तर मला कन्सोलवर प्रोटोकॉल निवडता येतो आणि रिपोर्टिंगवाल्यांना कुठली एक फाइल उघडायची ते कळतं. प्रश्न नसेल तर उघडू नका, पण मग त्याचे जास्तीचे पैसेही लावू नका.

आणि फायली ठेवा. कायमच्या सर्व्हरवर जातात ते करडे फोटो, कच्चा दोन ऊर्जांचा डेटा जड असतो म्हणून वर्कस्टेशनवर पडून राहतो आणि डिस्क भरली की सगळ्यात जुना आधी उडतो. माणूस दोन वर्षांनी एट्रियल फिब्रिलेशन घेऊन परत येतो, तेव्हा जुन्या स्कॅनमधली पिशवी आयोडीन मोजून बघता आली असती, पण ती नसते. काकांची फाइल मी नंतर शोधली होती, तो निळा डाग जास्त केईव्हीवर खरंच फिका पडत होता का ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. यादीत नाव होतं, तारीख होती, करड्या स्लाइस सगळ्या होत्या. स्पेक्ट्रलवर, म्हणजे दोन ऊर्जांच्या डेटावर, क्लिक केलं तर चौकट रिकामी.